दारू सोडणाऱ्यांना मीटिंगचा पत्ता मिळावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात दारू सोडायचे काही मुहूर्त ठरलेले असतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात तुळशीची माळ घातली जाते, गटारी उरकली की श्रावण पाळला जातो, दिवाळीनंतर अय्यप्पाचे 41 दिवसांचे व्रत धरले जाते. यातली काही माणसे खरोखर कायमची सुटतात. माळेचे बळ आम्ही मुळीच कमी लेखत नाही. पण व्रत संपल्याच्या संध्याकाळी पुन्हा दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी माणसेही प्रत्येक गल्लीत आहेत. मग घरचे विचारतात, "आता कुठं न्यायचं याला?" दारू सोडलेल्या माणसांचे गट मीटिंग भरवतात आणि एकमेकांना सांभाळतात; अशी मदत आपल्या भागात आहे आणि तिच्यासाठी पैसेही पडत नाहीत. फक्त ती कुठे मिळते, तिथे गेल्यावर काय होते आणि माणसे पहिल्या दोन आठवड्यांतच का गळतात, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे. आपण ते पूर्ण छापावे अशी विनंती.

आधी शरीराचे बोलू, कारण इथे चूक झाली तर माणूस दगावतो. रोज पिणाऱ्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी घरात बसून एकदम दारू तोडू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, दरदरून घाम येतो, मळमळते, झोप उडते. सकाळचा चहा बशीत ओतताना बशीच्या काठावर कप खुळखुळ वाजतो, आणि एक नाइन्टी मारली की हात स्थिर होतो, हे ज्या घरात दिसते तिथे शरीर दारूवर अवलंबून झाले आहे असे समजावे. अशा माणसाला पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, कोणीतरी हाका मारते असे वाटते, ताप चढतो, घरचे ओळखू येत नाहीत. गावात याला "बाहेरचं झालं" म्हणतात आणि माणसाला देवऋष्याकडे नेतात. खरे तर हे दारू तुटल्याचे लक्षण आहे आणि त्याची जागा दवाखान्यातच आहे. तातडीची वेळ आली तर 108 ला फोन करावा.

ज्याला आधी कधी फिट आली आहे, ज्याला सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागते, किंवा ज्याची रोजची मजल क्वार्टरच्या पुढे गेली आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारू तोडूच नये. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीलिटर व्हिस्की-रममध्ये, सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत 10 ग्रॅमचा एक पेग धरतात. त्या हिशेबाने "मी फक्त एक क्वार्टर घेतो" याचा अर्थ रोजचे सहा पेग होतो. 1 जुलै 2007 पासून कर्नाटकात अरॅक, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, पण तिची जागा टेट्रा पाकिटांनी घेतली. पाकीट लहान दिसते म्हणून त्यातली दारू हलकी नसते.

जायचे कुठे? बेळगावात बिम्सच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था बेळगावपासून बसने दोन-अडीच तासांवर आहे. राज्य सरकारच्या 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी ठरलेल्या वारी चालते. खानापूर, चिकोडी, अथणी, हुक्केरी भागातल्यांनी तो वार आपल्या तालुका रुग्णालयात विचारून घ्यावा. जाताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्याव्यात: किती वर्षे पितो, रोज किती पितो, शेवटचा पेग किती वाजता घेतला, आणि पूर्वी फिट किंवा भ्रम झाला होता का. शेवटच्या पेगची वेळ डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोगी पडते, आणि घरचे नेमके तेच लपवतात. मानसिक आरोग्य कायदा 2017 प्रमाणे दारूमुळे होणारे त्रास उपचाराच्या हक्काखाली येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्याला बंधनकारक आहे. त्यामुळे "कामावर कळेल" या भीतीने खोटे सांगू नये.

एक सूचना मुद्दाम करतो. दारुड्या माणसाला अशक्तपणा आला की आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन "एक सलाईन लावा" म्हणतात. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची, मोठी कमतरता असते. तशा स्थितीत आधी थायमिन न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, पुढे स्मरणशक्तीही जाऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला "हे रोज पितात, आधी बी-वन द्याल का?" एवढे नम्रपणे विचारायला घरच्यांनी संकोच करू नये.

दवाखान्यातल्या गोळ्या साधारण पाच ते दहा दिवसांत कमी कमी करत बंद करतात. तेवढ्यात अंगातली दारू उतरते. खरी अडचण अकराव्या दिवशी सुरू होते. माणूस घरी येतो, झोप नीट लागत नाही, पगाराचा दिवस येतो आणि उद्यमबागचा जुना दोस्त फोन करतो. गट लागतो तो इथे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, बोलीत 'ए.ए.', हा अशा गटांमधला सगळ्यात पसरलेला प्रकार. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन अशा दोन दारुड्या माणसांच्या भेटीतून तो सुरू झाला. भारतात तो 1957 पासून आहे. सभासद होण्यासाठी एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. बाहेरच्या कोणाकडून देणगीही घेत नाहीत. मीटिंगच्या शेवटी पिशवी फिरते, त्यात सभासद आपल्या मर्जीने पाच-दहा रुपये टाकतात, आणि नवख्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. खोलीचे भाडे आणि चहा यांचा खर्च त्यातूनच भागतो. "ए.ए.त नाव घालतो, दोन हजार द्या" असे कोणी म्हणाले तर ते ए.ए. नव्हे, हे पक्के समजावे.

गट शोधण्याचा सगळ्यात सोपा रस्ता फोनचा आहे. ए.ए.चे भारतातले जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर संपर्क मिळतो. फोन करून आपला तालुका सांगायचा आणि बेळगाव भागातल्या मीटिंगचा वार, वेळ, जागा व तिथले काम बघणाऱ्या सभासदाचा नंबर मागायचा. जुनी यादी बघून थेट जाऊ नये. शाळेची खोली बदलते, वार बदलतो, पावसाळ्यात एखादी मीटिंग बंद असते. पहिल्यांदा धीर करून आलेला माणूस कुलूप बघून परत गेला तर तो पुन्हा येईलच असे नाही. म्हणून निघण्याआधी त्याच दिवशी फोन करून "आज आहे ना?" विचारावे. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला माणूस असतो. तो उपदेश करत नाही, तुमचे आडनावही विचारत नाही, आणि म्हणालात तर बसस्टँडवर घ्यायला येतो.

फोन लागला नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. कर्नाटकातून लावल्यावर कन्नड बोलणारी व्यक्ती आली तर "मराठीत बोलायचंय" म्हणावे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची 14446 ही वेगळी हेल्पलाइन आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातले समाजसेवक हाही चांगला मार्ग, कारण कोणता गट नेमाने भरतो आणि कोणता नुसता कागदावर आहे हे त्यांना ठाऊक असते. चर्चमध्येही चौकशी करावी. बऱ्याच ठिकाणी मीटिंग चर्चच्या किंवा मिशनच्या शाळेच्या खोलीत भरते, याचे कारण एवढेच की खोली स्वस्तात आणि संध्याकाळी रिकामी मिळते. तिथे धर्मांतर वगैरे काही चालत नाही. ही शंका आम्हाला वारंवार विचारली जाते म्हणून स्पष्ट लिहितो.

कर्नाटकात राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेशी जोडलेल्या जनजागृती वेदिकेमार्फत गावोगाव आठ दिवसांची मद्यवर्जन शिबिरे होतात आणि शिबिर झालेल्यांच्या 'नवजीवन समित्या' पुढे भेटत राहतात. कारभार कन्नडमधून चालतो. ए.ए.ची पद्धत ज्याला रुचत नाही किंवा ज्याच्या गावापासून बेळगाव फार लांब पडते, त्याने आपल्या भागातल्या योजनेच्या सेवा प्रतिनिधीकडे चौकशी करावी. दोन्हीकडे गेले तरी काही बिघडत नाही.

भाषेबद्दल आमचे मत ठाम आहे. सीमाप्रश्नावर आपली मते काहीही असोत, मराठी मीटिंग मिळेपर्यंत पीत राहणे परवडणारे नाही. बेळगावच्या गटांत एकाच खोलीत मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी चालते. बोलणारा आपल्या भाषेत बोलतो आणि बाकीच्यांना पुरेसे समजते. शहापूर-वडगावचा विणकर आणि गोकाकचा गिरणी कामगार शेजारी बसून एकमेकांचे ऐकतात. तरीही मनातले खोलवरचे बोलायला आपलीच भाषा लागते हे खरे. त्यासाठी मराठीतून ऑनलाइन मीटिंग असतात. मोबाइलवर, कॅमेरा बंद ठेवून, नुसते ऐकायलाही बसता येते. आठवड्यातून एक मीटिंग प्रत्यक्ष आणि बाकी दिवस ऑनलाइन, ही सांगड खेड्यातल्या माणसाला जमण्यासारखी आहे.

अंतराचा विचार राज्याची हद्द बघून करू नये. निपाणीहून बेळगाव 75 किलोमीटर पडते आणि कोल्हापूर 40 च्या आसपास, तेव्हा निपाणीकरांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गटांची चौकशी आधी करावी. कागवाडला मिरज जवळ. उलट चंदगडच्या पूर्वेकडच्या गावांना बेळगावच सोयीचे. खानापूर 26 किलोमीटरवर आहे, पण संध्याकाळी सातची मीटिंग साडेआठला संपली की जांबोटी, कणकुंबी, नंदगडकडे जाणाऱ्या गाड्यांचा प्रश्न येतो. मुक्कामाची बस चुकली की माणूस स्टँडवर अडकतो, आणि स्टँडसमोर काय असते ते सर्वांना माहीत आहे. अशांनी रविवारची सकाळची मीटिंग धरावी, नाहीतर फोनवरच आधी सांगावे. गटातला कोणी त्याच रस्त्याचा असतो. ओळखीचे भेटतील म्हणून स्वतःच्या गावात जायचे नसेल तर शेजारच्या गावात जाणे अगदी रास्त आहे.

आता आत काय होते ते. दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर दोन-चार पातळ पुस्तिका, कोपऱ्यात चहाची किटली आणि ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. वेळ साधारण एक ते दीड तास. सुरुवातीला मिनिटभर शांतता, मग प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय याचे छोटे निवेदन कोणीतरी वाचते. त्यानंतर एकेक जण बोलतो: "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक." आडनाव, जात, धंदा, पगार कोणी सांगत नाही. बोलणारा स्वतःचेच बोलतो: दारूने काय झाले, सोडल्यावर काय झाले, आज कसे चालले आहे. त्याला मधे कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वादही घालत नाही. नवखा माणूस बहुधा दाराजवळची खुर्ची पकडतो. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हटले की पुरते. एक दिवस, एक महिना, एक वर्ष असे टप्पे झालेल्यांना छोटे बिल्ले देतात, टाळ्या वाजतात. शेवटी पुन्हा प्रार्थना आणि चहा.

त्या चहाला थांबावे. मीटिंगइतकेच, कधी कधी त्याहून जास्त, काम त्या पंधरा मिनिटांत होते. तिथे तीन-चार जणांचे नंबर घ्यावेत आणि रात्री झोपण्यापूर्वी एकाला नुसता "पोचलो" म्हणून फोन करावा. पिण्याची हुक्की येते तेव्हा अनोळखी नंबर लावायला हात उठत नाही. आधी सहज बोलणे झालेले असले तर उठतो. ती हुक्की सहसा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ फोनवर काढायचा असतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काय झाले आहे ते आधी बघावे. दुपारी जेवण न करता कामावरून थेट दुकानाच्या रस्त्याने येणाऱ्याला पोटभर खाऊन निघायला सांगणे हा बाळबोध वाटणारा सल्ला कित्येकांना वाचवतो.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात, आणि हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात. खुल्या मीटिंगला घरचे, विद्यार्थी, डॉक्टर कोणीही बसू शकते. बंद मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. बायको आणि मेहुणा मिळून माणसाला रिक्षात घालून आणतात, तिथे त्यांना बाहेर थांबायला सांगितले जाते, मग राग येतो आणि तिघेही परत जातात. पहिल्या वेळी खुली मीटिंग कधी आहे ते फोनवर विचारून घ्यावे. त्या दिवशी थोडी घेतलेली असली तरी यायला हरकत नाही. बहुतेक गट अशा माणसाला बसू देतात, बोलायला मात्र देत नाहीत. गोंधळ घातला तर बाहेर नेतात.

माणसे गळतात ती ठराविक कारणांनी. पहिले कारण तुलना. समोरचा सांगतो की जमीन विकली, बायको माहेरी गेली, आणि ऐकणारा मनात म्हणतो, "माझं एवढं नाही झालं, मी काही यातला नाही." जुने सभासद म्हणतात, घटना जुळवू नका, भावना जुळवा. चोरून पिणे, सकाळची लाज, शपथा मोडणे हे सगळ्यांचे सारखेच निघते. दुसरे कारण देव. ए.ए.चा सभासद ज्या बारा पायऱ्यांनी दारूपासून दूर राहायला शिकतो, त्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण 'आपल्याला उमजेल तसा ईश्वर' असे शब्द आहेत. वारकऱ्याला विठ्ठल, लिंगायताला बसवण्णा, मुसलमानाला अल्ला आणि काहीच न मानणाऱ्याला तो गट स्वतःच, असे चालते. तिसरे कारण तीन महिन्यांचे बरे वाटणे. वजन वाढते, चेहरा उजळतो, घरात बोलणे सुरू होते, आणि माणूस ठरवतो की आता मीटिंगची गरज नाही. त्यानंतरची पहिली यात्रा, लग्नाची वरात किंवा गोव्याहून आलेली बाटली त्याला घेऊन जाते. म्हणून यात्रेच्या आठवड्यात मीटिंग वाढवाव्यात, पगाराचे पैसे घरी द्यावेत, आणि वरातीत गटातला एक माणूस सोबत न्यावा.

एखाद्या गटात पहिल्या दिवशी मन रमले नाही तर सगळे ए.ए.च वाईट असे ठरवू नये. प्रत्येक गटाची तऱ्हा वेगळी असते. किमान सहा मीटिंग, शक्य तर दोन वेगळ्या गटांत, बसून मग मत बनवावे. जमू लागले की एक गट आपला 'होम ग्रुप' म्हणून धरावा आणि एक स्पॉन्सर निवडावा. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्यांवर सोबत चालणारा जुना सभासद. तो निदान एक वर्ष दारूपासून पूर्ण दूर असावा. पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री. नात्यातला, शेजारचा किंवा त्याच कारखान्यातला वरिष्ठ नको. आणखी एक नियम पाळावा: गटातल्या कोणाला उसने पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. शंभर रुपयांच्या उधारीने तोंड चुकवायला लागलेला माणूस पुन्हा मीटिंगला येत नाही, आणि पाठोपाठ दारू येते.

दारू पुन्हा प्यायली गेली तर त्याला गटात 'स्लिप' म्हणतात. दुसऱ्याच दिवशी परत यावे. कोणी हाकलत नाही. पण मधे बरेच दिवस गेले असतील तर एक धोका लक्षात ठेवावा: शरीराची सवय तुटलेली असते, आणि पूर्वी पचत होती तेवढी दारू आता जिवावर बेतू शकते. आठवडाभर सलग पिणे झाले असेल तर आधी दवाखाना, मग मीटिंग.

गोळ्यांबद्दल गटात कधी कधी चुकीचे बोलले जाते. "औषधही नशाच" असे कोणी म्हणाले तर ते त्या माणसाचे मत, ए.ए.चे नव्हे. ए.ए. औषधोपचारावर सल्ला देत नाही. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधे डॉक्टर देतात, ती परस्पर बंद करू नयेत. डायसल्फिरामचे मात्र वेगळे आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीव जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध घेणाऱ्याने आसव-अरिष्टे आणि अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधेही टाळावीत. आणि ते कधीही, कोणत्याही परिस्थितीत, माणसाला न सांगता भाजीत किंवा चहात मिसळून देऊ नये. "पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा" अशा पुड्यांत काय असते ते खाणाऱ्यालाही माहीत नसते आणि देणाऱ्यालाही. संपादक महाराज, अशा पुड्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येतात. आपल्या दैनिकाने त्या घेऊ नयेत अशी कळकळीची मागणी आहे.

भरती करून घेणाऱ्या खासगी केंद्रांबाबत तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत. मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवतात का? डॉक्टर रोज येतो का, की नुसते नाव फलकावर आहे? आणि घरच्यांना भेटू देतात का? साखळीने बांधणे त्या कायद्याने पूर्ण बंद आहे. मारून दारू सुटते हा समज सोडून द्यावा. चांगल्या केंद्राची खूण म्हणजे ते सोडताना पाठपुराव्याची व्यवस्था लावून देते. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे आणि उपचारानंतरच्या पाठपुराव्याला तिथे पहिल्यापासून महत्त्व आहे. आपल्याकडून तिथे जाऊन आलेल्यांनी परत आल्यावर इथला गट धरावाच.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट असतो आणि मुलांसाठी अलाटीन. नवरा मीटिंगला येवो न येवो, बायकोने किंवा आईने स्वतःसाठी जावे. तिथे त्याची दारू कशी सोडवायची ते शिकवत नाहीत. मुकादमाला "ताप आलाय" म्हणून खोटा फोन करणे, दुकानाची उधारी भरणे, बाटल्या शोधून ओतून देणे, ही झाकपाक कशी थांबवायची आणि आपली झोप, आपले पैसे, मुलांची शाळा कशी सांभाळायची, हे तिथे बोलले जाते. मारहाण होत असेल तर गटाची वाट न बघता 112 ला फोन करावा. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही. ओळखपत्र जवळ ठेवले की खानापूरहून बेळगावला यायचा खर्च उरत नाही, याचा उपयोग करून घ्यावा. दारूचा त्रास स्वतःला असलेल्या बायकाही आपल्याकडे आहेत, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत शिरणे त्यांना फार अवघड जाते. त्यांनी फोनवर स्त्री सभासदाशी बोलायचे आहे म्हणून सांगावे. फक्त स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंगही असतात.

ज्या गावात काहीच नाही तिथे गट सुरू करायला दोन माणसे पुरतात. लागते ती ठरलेली खोली, ठरलेला वार आणि किल्ली असलेला भरवशाचा माणूस. कोणाच्या घरी भरवू नये, एका पक्षाच्या किंवा मंडळाच्या कचेरीतही नको, कारण मग निम्मे गाव येत नाही. थोडे का होईना, भाडे द्यावे. फलक आणि उद्घाटन टाळावे. मुंबईच्या ऑफिसला कळवले की मराठी पुस्तिका मिळतात. पहिले सहा महिने कधी एकटेच बसावे लागेल, तरी वेळ संपेपर्यंत बसावे. नवा माणूस ज्या दिवशी येतो त्या दिवशी दार उघडे असणे, यावर त्या गटाचे सगळे अवलंबून असते. ग्रामपंचायतींनी आणि शाळांच्या संचालक मंडळांनी संध्याकाळी एक खोली दिली तर फार मोठे काम होईल.

आता आपल्याकडे मागणे. दैनिकात स्थानिक कार्यक्रमांचे सदर रोज येते. त्यात आठवड्यातून एकदा, रविवारी, चार ओळींची जागा द्यावी. प्रत्येक मीटिंगचा तालुका, वार व वेळ, जागेची ओळखीची खूण, खुली की बंद, कोणती भाषा जास्त चालते, आणि एक फोन नंबर एवढेच छापावे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर यांच्याबरोबर चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, मिरज हेही घ्यावे, कारण माणसे तिकडेही जातात. छापण्यापूर्वी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या नंबरांवर फोन करून यादी पडताळून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. छायाचित्र आणि सभासदांची नावे मात्र कृपया कधीही मागू नयेत. वर्तमानपत्रात निनावी राहणे ही ए.ए.ची परंपरा आहे, आणि म्हणूनच या पत्राखालीही नावे घालू नयेत. नावे व पत्ते वेगळ्या पाकिटात सोबत जोडले आहेत.

पहिली यादी श्रावण सुरू होण्याआधीच्या रविवारी छापता आली तर फार बरे होईल.

कळावे,
आपले विश्वासू,
व्यसनमुक्तीचे काम करणारे काही कार्यकर्ते,
बेळगाव – खानापूर